मागणी आणि मागणीपत्र : अमेरिकेतील व्हिडिओ खेळांच्या धंद्यावरील १९८३ चे अरिष्ट

१. प्रास्ताविक

एखादा भरभराटीस आलेला धंदा थोड्या अवधीत कोसळला, म्हणजे त्याची कारणमीमांसा करताना लोकांची दृष्टी प्रथम एखाद्या ठळक आणि सांगावयास सोप्या अशा प्रसंगाकडे वळते. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ खेळांच्या धंद्याविषयी असेच झाले. १९८२-८३ च्या सुमारास जवळजवळ ३ अब्ज डॉलरांची उलाढाल करणारा हा धंदा १९८५ पर्यंत अवघ्या १० कोटी डॉलरांच्या आसपास येऊन ठेपला. ह्या घसरणीची हकीकत सांगताना 'ई. टी.' नावाच्या एका खेळाचा, तो पाच आठवड्यांत घाईघाईने रचला गेल्याचा, आणि न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील एका खड्ड्यात पुरला गेल्याचा उल्लेख हटकून होतो. ही हकीकत खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि अपुरी असल्यामुळे दोष भलत्याच माणसाच्या माथी मारणारी आहे.

आपल्या भाषेत 'मागणी' हा शब्द व्यवहारात दोन अर्थांनी वापरला जातो. पदरचे पैसे मोजून वस्तू घेण्याची ग्राहकाची इच्छा व ऐपत ही एक मागणी. आणि अमुक इतका माल पाठवा असे दुकानदाराने वा वितरकाने उत्पादकाला कळविणे ही दुसरी. ह्या लेखापुरते पहिलीस 'मागणी' व दुसरीस 'मागणीपत्र' असे म्हणू. अमेरिकेतील अटारी ह्या अग्रेसर कंपनीने मागणीपत्रांनाच मागणी मानले. तसे मानण्यास तिला भाग पाडणारी रचना बऱ्याच अंशी तिने स्वतःच उभी केली होती. आणि ह्या गफलतीचा भुर्दंड मात्र निर्णय घेणाऱ्यांपेक्षा इतरांनी अधिक भरला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. धंद्याची घडण

अटारी ही कंपनी नोलन बुशनेल व टेड डॅब्नी ह्यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केली. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्स ह्या करमणूक-व्यवसायातील मोठ्या कंपनीने ती सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरांना विकत घेतली. पुढील वर्षी, म्हणजे १९७७ मध्ये, घरातील दूरचित्रवाणी-संचाला जोडावयाचे खेळयंत्र तिने बाजारात आणले. त्याची रचना ध्यानात घेतल्यावाचून पुढील घटनांचा अर्थ लागणार नाही.

ह्या यंत्रात खेळ कायमचा बसविलेला नसे. प्रत्येक खेळाची आज्ञावली एका प्लास्टिकच्या डबीतील चकतीवर कोरलेली असे. ह्या डबीस कार्ट्रिज म्हणत. यंत्र एकदाच घ्यावयाचे आणि कार्ट्रिजे मात्र पुनःपुन्हा घ्यावयाची, अशी ही योजना होती. आणि खरा नफा कार्ट्रिजांत होता. यंत्राची तात्पुरती स्मृती केवळ १२८ बाइटांची होती, आणि आज्ञावलीसाठी साधारणतः ४ किलोबाइट एवढीच जागा मिळे. इतक्या तुटपुंज्या साधनांवर खेळ उभा करणे हे कसबाचे काम होते. मजकूर एकदा चकतीवर कोरला गेला की त्यात एका अक्षराचीही दुरुस्ती करणे शक्य नसे, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवावयाची आहे. पुस्तकाच्या छपाईत चूक राहिली तर शुद्धिपत्र जोडता येते. कार्ट्रिजास शुद्धिपत्र नव्हते.

१९७८ च्या अखेरीस बुशनेल कंपनीतून बाहेर पडले आणि सूत्रे रे कसार ह्यांच्या हाती आली. कसार हे बर्लिंग्टन इंडस्ट्रीज ह्या वस्त्रोद्योगातील कंपनीत वरिष्ठ पदावर काम केलेले गृहस्थ होते. विक्री, जाहिरात व वितरण ह्यांची घडी त्यांनी उत्तम बसविली. १९८० मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' ह्या जपानी खेळाची घरगुती आवृत्ती परवान्याने काढण्यात आली, तेव्हा केवळ त्या खेळासाठी लोक यंत्र विकत घेऊ लागले. १९८२ मध्ये कंपनीची वार्षिक विक्री सुमारे २ अब्ज डॉलरांवर गेली होती.

३. कर्त्याचे नाव

ह्या भरभराटीच्या पोटातच पहिली चूक दडलेली होती. अटारी आपल्या खेळांवर रचनाकाराचे नाव छापीत नसे आणि विक्रीतील वाटाही त्यास देत नसे. वॉरन रॉबिनेट ह्या आज्ञावलीकाराने 'ॲडव्हेंचर' ह्या खेळात एक गुप्त दालन ठेवून तेथे आपले नाव लिहिले, ते ह्याच कारणाने. डेव्हिड क्रेन ह्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, विक्रीचे आकडे दर्शविणारे एक परिपत्रक आज्ञावलीकारांच्या हाती आले आणि आपण चौघांनी रचलेल्या खेळांचा वाटा कंपनीच्या कार्ट्रिज-विक्रीत निम्म्याहून अधिक आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. दाद मागूनही ती मिळाली नाही, तेव्हा १९७९ मध्ये क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड व लॅरी कॅप्लन ह्या चौघांनी जिम लेव्ही ह्यांच्यासमवेत ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी स्थापन केली. अटारीच्या यंत्रावर चालणारे खेळ अटारीबाहेरच्या कोणी काढण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. अटारीने दावा लावला. परंतु १९८२ मध्ये तडजोड झाली आणि बाहेरच्या प्रकाशकांना मार्ग मोकळा झाला.

ह्या घटनेचे परिणाम दुहेरी होते. एकीकडे अत्यंत कुशल माणसे कंपनीने गमावली; क्रेन ह्यांचा 'पिटफॉल' हा १९८२ मधील खेळ त्याच तोकड्या यंत्रावर किती सरस काम होऊ शकते ह्याचा दाखला होता, आणि त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या. दुसरीकडे, अनुभव असो वा नसो, कोणीही ह्या धंद्यात उतरू शकतो असे दिसून आले. धान्यापासून न्याहारीचे पदार्थ तयार करणाऱ्या क्वेकर ओट्स ह्या कंपनीनेदेखील व्हिडिओ खेळांची शाखा काढली, ह्यावरून त्या काळच्या हवेची कल्पना यावी. यंत्रावर अटारीचे नाव असले, तरी त्यावर चालणाऱ्या मालावर तिचा ताबा उरला नाही.

४. मागणीपत्रांचा फुगवटा

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९८० व १९८१ ह्या वर्षांत अटारीचा माल पुरेसा मिळत नसे. ज्या वितरकाने शंभर नग मागावे, त्याच्या वाट्यास साठ यावेत, अशी स्थिती होती. टंचाईच्या काळात व्यापारी काय करतो, हे सांगण्यास अर्थशास्त्राचे अध्ययन लागत नाही : शंभरांची गरज असेल तर तो दोनशे मागतो. अशा वेळी १९८१ च्या अखेरीस अटारीने वितरकांना कळविले की, १९८२ ह्या संपूर्ण वर्षासाठी लागणाऱ्या मालाची मागणीपत्रे आताच नोंदवावीत. वितरकांनी कापले जाणार हे गृहीत धरून फुगविलेले आकडे कळविले. पुढे अटारीने उत्पादन वाढविले, आणि फुगविलेला माल खरोखरच येऊन थडकू लागला.

पुरवठ्याच्या साखळीत ग्राहकापासून जसजसे दूर जावे तसतसे मागणीतील लहान चढउतार मोठे होऊन दिसू लागतात, हा सिद्धांत जे फॉरेस्टर ह्यांनी १९५८ पासून मांडला आणि १९६१ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने सिद्ध केला. १९९७ मध्ये हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विकृतीची चार कारणे वेगळी करून दाखविली. टंचाईच्या भयाने फुगविलेली मागणीपत्रे हे त्यांपैकी एक होय. अटारीचे उदाहरण ह्या कारणाचा जणू पाठच आहे. ग्राहकाच्या हाताने किती प्रती दुकानाबाहेर गेल्या हे कळण्याचे साधन उत्पादकापाशी जवळजवळ नव्हते. त्याच्यापुढे होती ती केवळ मागणीपत्रे.

त्यात आणखी एका प्रघाताची भर पडली. न खपलेला माल परत घेण्याची वा त्या बदल्यात दुसरा माल देण्याची सवलत दुकानदारांना सर्रास मिळत असे. ही सवलत वरवर पाहता विक्रीस पोषक वाटते. परंतु जो माल परत करता येतो, त्याची मागणी करताना दुकानदारास हात आखडण्याचे कारण उरत नाही. अशा मागणीपत्रास खरेदी म्हणणे हा हिशेबाचा भ्रम होय. ती वस्तुतः उसनवारी असते.

५. दोन खेळ

ह्या पार्श्वभूमीवर १९८२ मधील दोन खेळांचा विचार करावयाचा आहे. त्यांतील पहिला 'पॅक-मॅन' होय. नाम्को ह्या जपानी कंपनीचा हा खेळ नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवर विलक्षण गाजला होता. त्याची घरगुती आवृत्ती १९८२ च्या वसंतात निघाली. अटारीच्या यंत्रात पडद्यावर एका वेळी दोनच हलत्या आकृती सुबकपणे दाखविण्याची सोय होती. ह्या खेळास नायकाखेरीज चार भुते लागत. म्हणून भुते आळीपाळीने, एका क्षणी एक अशी, दाखविण्याची युक्ती योजावी लागली, आणि ती सतत लुकलुकताना दिसू लागली. आज्ञावलीसाठी ८ किलोबाइटांची जागा दिली असती तर काम बरेच सुधारले असते. १९८३ मध्ये निघालेल्या 'मिस पॅक-मॅन'ने ते करूनही दाखविले. परंतु काटकसर म्हणून ४ किलोबाइटांवरच भागविण्यात आले.

ह्या खेळाच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या. कोणत्याही मापाने हे यश होय. तथापि उत्पादन सुमारे १ कोटी २० लाख प्रतींचे झाले, आणि त्या वेळी वापरात असलेली यंत्रे १ कोटीच्या घरात होती, असे ह्या धंद्याच्या इतिहासांत नमूद आहे. यंत्रांहून कार्ट्रिजे अधिक, असा हा हिशेब आहे. नवे ग्राहक केवळ ह्या खेळासाठी यंत्र घेतील, अशी अपेक्षा त्यामागे होती. 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या वेळी ती खरी ठरली होती. एकदा घडले म्हणून ते पुन्हा घडेलच, असे मानण्यात आले.

दुसरा खेळ 'ई. टी.'. स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांचा त्याच नावाचा चित्रपट जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. खेळाच्या हक्कांविषयीची बोलणी जुलैच्या अखेरीस पुरी झाली. त्यासाठी २ ते २.५ कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त आहे. नाताळात माल दुकानांत हवा, म्हणजे चकत्या कोरण्याचे काम सप्टेंबरच्या आरंभी सुरू व्हावयास हवे, म्हणजे आज्ञावलीस उरले पाच आठवडे. हे काम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ ह्यांजकडे आले. त्यांनी त्यापूर्वी 'यार्स रिव्हेंज' व 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हे दोन नावाजलेले खेळ रचले होते, आणि त्या प्रत्येकास कित्येक महिने लागले होते. वॉर्शॉ ह्यांनी मुदत पाळली. खेळ पुरा झाला. परंतु खेळणारा पुनःपुन्हा नकळत खड्ड्यांत पडतो हा त्यातील दोष दूर करण्यास, किंबहुना अनोळखी माणसांच्या हाती देऊन तो पारखण्यास, वेळच उरला नव्हता.

सुमारे ४० लाख प्रती काढण्यात आल्या. नाताळात त्यांपैकी १५ लाखांच्या आसपास खपल्या. उरलेल्यांचा लोंढा परत आला. आता ह्यात दोष कोणाचा? पाच आठवड्यांत खेळ रचणाऱ्याचा, की पाच आठवडे पुरतील असे ठरवून हक्कांची किंमत आधीच चुकती करणाऱ्यांचा? हक्कांवर एवढी रक्कम खर्ची पडल्यावर ती वसूल करण्यासाठी काही लाख नव्हे, तर काही दशलक्ष प्रती खपणे अपरिहार्य झाले. म्हणजे प्रतींची संख्या मागणीच्या अंदाजावरून ठरली नाही. ती खर्चाच्या गरजेवरून ठरली. पुढे वर्षानुवर्षे वॉर्शॉ ह्यांचे नाव 'सर्वांत वाईट खेळाचा कर्ता' म्हणून घेतले गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ह्या म्हणीचा प्रत्यय ह्याहून स्पष्टपणे क्वचितच येईल.

६. कोसळ

डिसेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात वितरकांनी मागणीपत्रे रद्द करण्याचा सपाटा लावला. ७ डिसेंबर रोजी वॉर्नरने जाहीर केले की, नफ्यातील वाढ अपेक्षेप्रमाणे ५० टक्के नसून १० ते १५ टक्के असेल. नफा घटला नव्हता. केवळ अपेक्षित वाढ घटली होती. तरीही दुसऱ्या दिवशी वॉर्नरच्या समभागांची किंमत सुमारे एकतृतीयांशाने खाली आली. १९८३ मध्ये अटारीस ५० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला.

बाजारात ह्याच वेळी निराळी प्रक्रिया चालू होती. लहान प्रकाशकांकडे परत आलेल्या मालाचे पैसे देण्यास रोकड नव्हती आणि बदली देण्यास नवा मालही नव्हता. त्यांनी दिवाळे काढले. त्यांचा माल अंगावर पडलेल्या दुकानदारांनी तो ५ डॉलरांना किंवा त्याहूनही स्वस्त विकण्यास काढला. शेजारच्या फळीवर नवे कार्ट्रिज ३५ डॉलरांना होते. वेष्टनावरील चित्रावरून आतील खेळाची पारख होत नाही. तेव्हा ग्राहकाने, विशेषतः मुलांसाठी खरेदी करणाऱ्या आईबापांनी, स्वस्त माल उचलला, तो निकृष्ट निघाला, आणि पुढच्या खेपेस काहीच घेतले नाही. ग्राहकास गुणवत्ता ओळखता न आल्यास निकृष्ट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ ह्यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. ह्याच सुमारास घरगुती संगणकांच्या किमती झपाट्याने उतरल्या आणि खेळयंत्राऐवजी संगणकच घ्यावा हा विचार बळावला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

लोकांची खेळण्याची हौसच आटली, हे त्या वेळी दिले गेलेले स्पष्टीकरण टिकण्यासारखे नाही. जुलै १९८३ मध्ये जपानात निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात आले आणि लवकरच घरोघरी पोहोचले; ब्रिटनमध्ये घरगुती संगणकांवरील खेळांचा धंदा जोरात होता. अरिष्ट आले ते अमेरिकेतील विशिष्ट व्यापारपद्धतीवर. मागणी होती, विश्वास उरला नव्हता.

भुर्दंड कोणी भरला, हेही पाहावे. फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने उत्पादनाचे बरेचसे काम हाँगकाँग व तैवान येथे हलविण्याचे ठरविले आणि कॅलिफोर्नियातील सुमारे १,७०० कामगारांस कमी केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेक्सासमधील एल पासोच्या वखारीतून मालमोटारी भरून कार्ट्रिजे न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत नेऊन पुरण्यात आली व वर सिमेंट ओतण्यात आले. जुलै १९८४ मध्ये वॉर्नरने अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल ह्यांस विकून टाकला. एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा उकरण्यात आला, तेव्हा त्यात 'ई. टी.'बरोबर इतर अनेक खेळ, त्यांत चांगले गाजलेलेही, सापडले. पुरला गेला तो एक वाईट खेळ नव्हे. पुरला गेला तो न खपलेला साठा, हे त्या उत्खननाने सिद्ध केले.

७. उपाय आणि त्याची किंमत

दुधाने तोंड पोळलेले अमेरिकन दुकानदार ताकही फुंकून पिऊ लागले होते. १९८५ च्या शरदात निन्टेन्डोने न्यू यॉर्कमध्ये आपले यंत्र आणले, तेव्हा 'व्हिडिओ खेळ' हा शब्दप्रयोग टाळून तिने त्यास 'करमणूक-संच' म्हटले. परंतु खरा बदल नावात नव्हता. यंत्रात व प्रत्येक कार्ट्रिजात एकेक कुलूप-चकती बसविली होती. दोहोंची ओळख पटल्याखेरीज खेळ चालत नसे. बाहेरच्या प्रकाशकास परवाना घ्यावा लागे, वर्षाला पाचच खेळ काढता येत, आणि कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच, पैसे आगाऊ भरून, करवून घ्यावी लागत. माल परत घेतला जात नसे. म्हणजे मागणीपत्रामागे आता प्रकाशकाचे स्वतःचे पैसे गुंतलेले असत; फुगवून मागणारा स्वतःच बुडणार होता. अटारीच्या काळी मागणीपत्रास जी किंमत नव्हती, ती निन्टेन्डोने त्यास आणून दिली.

ह्या उपायाने धंदा सावरला, हे निर्विवाद आहे. परंतु कुलपाची किल्ली एकाच हाती गेली. किती खेळ निघावेत, कोणी काढावेत, आणि प्रत्येक कार्ट्रिजामागे किती द्यावे, हे यंत्राचा मालक ठरवू लागला. कोनामी ह्या प्रकाशकाने पाच खेळांची मर्यादा चुकविण्यासाठी अल्ट्रा ह्या दुसऱ्या नावाने खेळ काढले. अटारी गेम्स ह्या कंपनीने कुलूप-चकतीची नक्कल करून पाहिली, पण १९९२ मध्ये न्यायालयाचा निर्णय निन्टेन्डोच्या बाजूने गेला. आजही यंत्रांचे व दुकानांचे मालक प्रकाशकांकडून जो वाटा घेतात, त्या व्यवस्थेचे मूळ ह्या काळात आहे. १९८३ च्या अरिष्टाने बेबंदशाही संपविली आणि तिच्या जागी जकातनाका उभा केला, असे म्हणता येईल.

८. समारोप

आज खेळ चकतीवर कोरले जात नाहीत. प्रकाशनानंतरही त्यांत दुरुस्ती करता येते. परंतु शुद्धिपत्राची सोय झाल्याने अशुद्ध ग्रंथ लवकर छापण्याचा मोहही वाढला. डिसेंबर २०२० मध्ये पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट ह्या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' प्रकाशित झाला, तेव्हा ८० लाख ग्राहकांनी तो आगाऊ घेतलेला होता. जुन्या प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यंत्रांवरील त्याची अवस्था प्रकाशनापूर्वी समीक्षकांनाही दाखविली गेली नव्हती. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत केले. सहा महिन्यांनी तो पुन्हा विक्रीस आला, व दीर्घ दुरुस्तीनंतर त्याची प्रतिष्ठाही सावरली. येथे मागणीपत्रे खऱ्या ग्राहकांची होती. परंतु ती मालाविषयी नव्हती, मालाच्या जाहिरातीविषयी होती. मोजमापाचा घोटाळा निराळ्या जागी सरकला, इतकेच.

ह्या अभ्यासातून धंद्याच्या इतिहासाकडे पाहण्याची एक रीत हाती येते. अपयशाची हकीकत एखाद्या माणसावर किंवा एखाद्या वस्तूवर येऊन थांबली, की अभ्यासकाने आणखी तीन प्रश्न विचारावेत. निर्णय घेणाऱ्यापुढे कोणता आकडा होता? तो आकडा कळविणाऱ्यास तो फुगविण्यात लाभ होता काय? आणि तो चुकीचा ठरल्यास तोटा कोणाच्या अंगावर पडणार होता? अटारीच्या बाबतीत ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे खेळ रचणाऱ्याच्या मेजावर सापडत नाहीत. ती वितरकांच्या मागणीपत्रांत, हक्कांच्या करारात आणि माल परत घेण्याच्या शर्तींत सापडतात. अलामोगोर्डोच्या खड्ड्याहून ही कागदपत्रे कमी रंजक आहेत, हे खरे. परंतु १,७०० कामगार घरी का बसले, ह्याचा उलगडा त्यांतूनच होतो.